रोमच्या सम्राटाची आत्या

ओहायोतल्या माझ्या पहिल्या तासाला गुडघे असे वाजत होते, की शेजारच्या वर्गातल्या बाईंनी उठून दार लावून घेतलं. निदान मला तरी तसं दिसलं.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. सोबत आलेली सगळी मराठी मंडळी इंजिनिअर. इतिहास शिकायला सातासमुद्रापार गेलेली येडी मी एकटीच. फी माफ झाली होती ती टीचिंग असिस्टंटशिपच्या अटीवर. आठवड्यातून एकदा एकतीस अमेरिकन पोरांना रोमन सम्राट समजावायचे. असिस्टंटशिप गेली की व्हिसा जाणार, व्हिसा गेला की मी परत, आणि विमानतळावर माझी आत्या उभी: "मी म्हटलं नव्हतं?"

तास पन्नास मिनिटांचा. सगळा घोकून आले होते. पण भीतीनं असा वेग धरला, की पंधराव्या मिनिटाला सहा सम्राट पुरून मोकळी झाले. पुढे पस्तीस मिनिटं, आणि एकतीस तोंडं. मागच्या बाकावरच्यानं च्युइंगम चघळणंसुद्धा थांबवलं.

मग जीभ आपली आपणच सुटली. म्हटलं, हे साम्राज्य म्हणजे शुद्ध भाऊबंदकी. आमच्याकडे भाऊ बांधावरून कोर्टात जातात, हे जेवणावरून थेट स्मशानात. नवऱ्याला विषारी मशरूम वाढणारी राणी झाली, आईला बुडवायला तळ फुटणारी बोट बनवून घेणारा लेक झाला. शेवटी घोड्याला मंत्री करायला निघालेला महाराज आला. वर्ग खिदळला, आणि त्या हसण्याची मला चटक लागली.

"तेव्हा त्याच्या आत्यानं विचारलं," मी ठोकून दिलं, "मेल्या, घोड्याला मंत्री केलंस तर गाढवांनी कुठं जायचं? सम्राट म्हणाला, ती आधीच सिनेटमध्ये बसलीत, आत्या!"

पोरं बाकांवरून घरंगळली. मी जिवंत घरी आले.

तीन आठवड्यांनी परीक्षा झाली. पहिला पेपर उघडला, आत्या. दुसरा उघडला, आत्या. एका मुलीनं साम्राज्याच्या ऱ्हासाचं तिसरं कारण दिलं होतं, 'आत्याचा सल्ला न मानणे'. माझ्या हातातलं लाल पेन गार पडलं.

"झीरो दे ना सगळ्यांना!" नागपूरची माझी रूममेट म्हणाली.

"अगं, पण सांगितलं मीच!"

"मग फुल मार्क दे अन् गप बस. तुझा म्हातारा प्रोफेसर काय सगळे पेपर वाचून राहिला, यार?"

सगळे नाही. पाच. आमचे प्रोफेसर दर परीक्षेनंतर गठ्ठ्यातून पाच पेपर स्वतः ओढून बघत. दोन पेपरांत आत्या नव्हती. ते मी सगळ्यात वर ठेवले. त्यांनी गठ्ठा घेतला, आणि खालून ओढले.

पहिला पेपर वाचताना त्यांची भुवई वर गेली. तिसऱ्याला ती डोक्यामागून उतरली असावी. मी खुर्चीत इतकी आक्रसले, की माझ्या जागी एखादी पर्स ठेवल्यासारखं दिसत असणार.

"या आत्याबाईंना आधार काय?"

खोटं अगदी ओठावर आलं होतं: एक हरवलेलं हस्तलिखित, ते नकलून ठेवणारा एक विसरलेला ख्रिस्ती भिक्षू. पण त्या भिक्षूला सांभाळायला आणखी चार भिक्षू लागले असते.

"ती माझी आत्या आहे, सर. रोमची नाही."

"किती पेपरांत आहे?"

"एकोणतीस."

"आणि उरलेले दोघे?"

"त्या दिवशी गैरहजर होते."

त्यांनी चष्मा काढला. "मार्क काय दिलेत?"

"पूर्ण. थाप माझी होती. त्यांनी वर्गात ऐकलं तेच लिहिलं."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "शुक्रवारी वर्गाला सांगा. मी मागे बसेन. तुमचं काय करायचं ते नंतर."

त्या शुक्रवारी टेबलाच्या कडा धरून मी सांगितलं, की आत्या मी रचली. कोणी हसलं नाही. तिसरं कारण लिहिणारी मुलगी लाल झाली. मग तिनं हात वर केला.

"मिस, घोडा तरी खरा आहे का?"

प्रोफेसरांकडे बघायचा धीर झाला नाही. "घोडा होता," मी म्हणाले. "मंत्रिपदाचं मात्र लिहिणाऱ्यांनी सम्राट मेल्यावर बऱ्याच वर्षांनी लिहिलंय. आणि त्यांना तो मुळीच आवडत नव्हता."

"म्हणजे त्यांनीही…"

"मला माहीत नाही."

हे वाक्य मी अमेरिकेत प्रथमच उच्चारलं. आता सामान बांधायचं, एवढंच डोक्यात होतं.

मागून खुर्ची सरकली. "पुढच्या आठवड्यात," प्रोफेसर वर्गाला म्हणाले, "याच प्रश्नावर मिस तास घेतील." दाराशी थांबून मला हळूच म्हणाले, "पूर्ण पन्नास मिनिटं. नातेवाईक न आणता."

म्हणजे मी राहिले होते. आणि खरं सांगते, पहिल्या दिवशीची भीती या भीतीपुढे दूधपिती होती.