मलिद्याला दहा पुरुष

मुंबईची आमची ज्यू मुलंमुली जमवून माझी मुलगी इस्रायलच्या दवाखान्यात सेवा करायला निघाली. तिकडे नुकतीच लढाई झालेली. नको म्हटलं तर ती ऐकणारी नव्हती. म्हणून म्हणाले, "आधी घरी मलिदा होऊ दे, मग जा." मलिदा म्हणजे गोड पोह्यांचा प्रसाद ठेवून केलेली प्रार्थना; आमच्यात तिला दहा पुरुष लागतात, आणि नागपुरात आमची घरं मोजकीच. जमणार नाहीत, अशी खात्री होती मला.

तिनं सदर भागातून, रेल्वे कॉलनीतून माणसं आणली. दहावा कामठीच्या छावणीतला शिपाई.

"झाले वं आई दहा! पोहे भिजव आता."

मी पोह्यांत गूळखोबरं कालवलं. तिच्या जाण्यासाठीची प्रार्थना संपल्यावर सगळे आमेन म्हणाले. माझ्या तोंडून ते निघेना.