सतरा नंबरच्या खाटेचा डबा

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मोर्शीकडचा एक फूलशेतकरी अकोल्याच्या रुग्णालयात वारला. तो गेल्यानंतरही अमरावतीच्या तात्पुरत्या रुग्णालयात त्याच्यासाठी घरचा डबा जात होता आणि रिकामा होऊन परत येत होता.

तात्पुरतं रुग्णालय म्हणजे एक मंगल कार्यालय. नवरानवरीच्या स्टेजवर ऑक्सिजनचे सिलिंडर, पंगतीच्या हॉलमध्ये खाटा. या माणसाने तिथल्या कितीतरी लग्नांना झेंडू पुरवला होता. मी बातमीसाठी रोज फाटकाशी जात असे, तेव्हा हे त्याच्या बायकोकडूनच कळलं. ती शहरात दिराच्या घरी राहून स्वयंपाक करून आणायची.

नातेवाइकांना आत सोडत नसत. डबे फाटकाजवळच्या टेबलावर ठेवायचे आणि दुपारी तिथूनच रिकामे न्यायचे. डब्यावर नाव नाही, फक्त खाटेचा नंबर. डॉक्टर क्वचितच बाहेर येत. त्यामुळे बाहेरच्या बायका परत आलेला डबा उघडून माणसाची तब्येत ओळखत. भाजी उरली की चेहरे उतरत.

"माह्यावाल्यानं आजही पोळी ठेवली," एकजण म्हणाली. "तुह्यावाला तं डबा चाटून पाठवते वो!"

"घरी नाकं मुरडे," फूलवाली हसली. "आता बरा जेवून राहिला."

तिने फाटकावरच्या शिपायाला नवऱ्याबद्दल विचारलं, की तो टेबलाकडे बोट दाखवायचा. "डबा खाली झाला ना बाई? मंग कावून डोकं खाता?"

एका दुपारी चांदूर रेल्वेकडचा एक म्हातारा बरा होऊन बाहेर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टेबलावरचा सतरा नंबरचा डबा पाहून तो थांबला.

"हा कोनाचा?"

"माह्या घरचा," ती म्हणाली.

"बाप्पा! तुमचंच जेवलो मी इतके दिवस. मले वाटलं सरकारचं हाय. वांग्याची भाजी लय बेस करता, माय."

"सतरा नंबरवर तं माहे मालक हायेत."

"मी आलो तवा खाट खालीच होती."

तिने टेबलावरचा डबा उचलून घट्ट धरला. शिपाई आत गेला आणि एका कर्मचाऱ्याला घेऊन आला. कर्मचाऱ्याने सांगितलं की आजार वाढल्यावर रुग्णाला अकोल्याला हलवलं होतं. घरी फोन केला होता, उचलला नाही. ज्या नंबरवर फोन केला, तो रुग्णाच्याच मोबाईलचा होता. नवराबायकोत मोबाईल एकच. दाखल करताना तिने तोच नंबर दिला होता आणि मोबाईल नवऱ्याबरोबर आत गेला होता.

मागे उभ्या असलेल्या बायका आपापल्या डब्यांवरचे नंबर विचारू लागल्या. शिपायाने फाटक लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती दिराबरोबर अकोल्याला गेली. परतल्यावर दिराने मला सांगितलं ते मी तिथल्या रुग्णालयाकडून पडताळून घेतलं. रुग्ण तिथे पोचल्यावर लवकरच दगावला होता. नातेवाईक आले नाहीत म्हणून महापालिकेच्या माणसांनी अंत्यसंस्कार केले होते. त्या दिवशी शेजारीशेजारी बऱ्याच चिता पेटल्या होत्या आणि राख एकत्रच गोळा केली होती. त्यातल्या अस्थी कोणाच्या, हे स्मशानातल्या माणसाला सांगता आलं नाही.