सकाळी अकरा की दुपारी चार?

पोलिसाच्या नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण पनवेलच्या एका ब्यूटी पार्लरची तक्रार आठवली की आजही हसू येतं, आणि मान खाली जाते.

'चौकशी' हा शब्द आम्ही उच्चारला की माणसाला घाम फुटतो. नवीन पनवेलच्या त्या पार्लरवाल्या बाईंचं मात्र पोटच चौकशीवर चालायचं. नवरीच्या मेकअपची चौकशी करायला लोक फोन करत आणि बाई फोन ठेवायच्या आत वेळ ठरवून टाकत. ऐन लग्नसराईत ते फोन थांबले. महिनाअखेरीस गाळा सोडायची पाळी आली होती.

त्यांना पोलीस ठाण्यात ओढत आणलं शिरढोणकडच्या एका गिऱ्हाईक बाईनं. "सायब, फोनवर सांगतात पार्लर बंद हाय. येऊन बगते तर ही खुर्ची मांडून बसलीय! माज्या पोरीचं लगीन हाय, आमी कोनाला इचारायचं?"

तपासलं तर इंटरनेटच्या नकाशावर पार्लरपुढचा नंबर कुणीतरी बदललेला. मी नवरीचा बाप होऊन त्या नंबरवर फोन लावला. "त्यांचं बंद झालं हो काका," पलीकडून गोड आवाज. "आमच्याकडे या ना. सकाळी अकरा बरं पडेल की दुपारी चार?"

स्पीकरवर ऐकणाऱ्या पार्लरच्या बाई ताडकन म्हणाल्या, "हे वाक्य माझं आहे! 'कधी येता' विचारलं की लोक 'बघून सांगते' म्हणतात आणि गायब होतात. म्हणून दोन वेळा पुढे ठेवायच्या. हे मी एकीलाच शिकवलंय."

ती एकेकाळची मदतनीस. आता दोन गल्ल्या सोडून तिचं स्वतःचं पार्लर होतं. पण वाक्य म्हणजे पुरावा नव्हे. सिमकार्ड निघालं तिच्या सासूच्या नावावर, आणि सासूबाईंना धड ऐकूही येत नव्हतं. नोटीस देऊन तिला बोलावलं. महिला हवालदारांसमोर ती तासभर एकच घोकत होती, "मला काही माहीत नाही."

तेवढ्यात एक आजोबा हरवलेल्या पाकिटाची चौकशी करायला आले. आमच्या ठाणे अंमलदारानं मान वर न करता नेहमीचं उत्तर दिलं, "नंतर या."

तिला राहवलं नाही. "अहो, 'नंतर या' म्हटलं की माणूस परत येत नाही. सकाळी अकरा की दुपारी चार, असं विचारायचं!"

बोलली आणि जीभ चावली. सवय कुणाचीच सुटत नाही. पुढच्या दहा मिनिटांत सगळं कबूल झालं, सासूबाईंच्या नावाचा फोनही तिनं स्वतः काढून दिला. गुन्हा नोंदवला, नकाशावरचा नंबर दुरुस्त झाला. शिरढोणच्या त्या मुलीचा मेकअप आमच्या बाईंनीच केला, गाळाही राहिला.

पण त्या दिवशी, तिनं जीभ चावली त्याच क्षणी, तक्रारदार म्हणून समोर बसलेल्या बाई हळूच म्हणाल्या होत्या, "तिचं खरं आहे, साहेब. मीसुद्धा याआधी इथे दोनदा आले होते. दोन्ही वेळा 'नंतर या'च ऐकलं."

मला लाज वाटली. तिनं गिऱ्हाइकं पळवली. आम्ही तर दारात आलेली परत धाडत होतो.

मी उठून बाहेर गेलो. आजोबा पायरीवर चप्पल घालत होते.

"आजोबा, उद्या सकाळी अकरा की दुपारी चार?"

"अकरा," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी पावणेअकरालाच येऊन बसले होते.