कोटाची बटणं आणि तिसरी पिन

भोरच्या बाजारपेठेत माझं शिवणकामाचं दुकान आणि त्याला लागून गुलनाजचं अॅम्प्लिफायरचं. मध्ये नुसती फळ्यांची भिंत. त्यामुळे माझ्या ब्लाउजपिसांना कायम वितळलेल्या शिशाचा वास. गिऱ्हाइकं नाकं मुरडायची. मी म्हणायची, नाक मुरडायचं तर दुसरीकडे शिवा. त्या पोरीबद्दल कुणी वाकडं बोललेलं मला तेव्हाही खपत नव्हतं, आजही खपत नाही.

दुकान मूळचं तिच्या अब्बांचं, इरशादभाईंचं. लग्नं, उरूस, भजनं, सगळीकडे त्यांनी हातानं बनवलेले सेट जायचे. सेट घुमायला लागला, कर्ण्यातून घुंई यायला लागली, की तालुक्यात त्यावर एकच इलाज होता. पक्कड घ्यायची आणि प्लगची तिसरी, जाडी पिन तोडून टाकायची. ती पिन अर्थिंगची. डब्यात वीज उतरलीच तर तिला जमिनीत जायची वाट देणारी. हे ठाऊक सगळ्यांना होतं, पण घुंई चारचौघांत लाज काढते आणि वीज सांगून येत नाही. इरशादभाईंनीही पिन तोडली होती. भोंगवलीच्या भजनात ओल्या फरशीवर उभं राहून त्यांनी माइक धरला, तो सुटेचना. कुणीतरी लाकडी पाट मारून तार उडवली म्हणून जीव वाचला. उजव्या हाताची बोटं मात्र कायमची आखडली.

मग गुलनाज दुकानात बसायला लागली. बसल्या बसल्या तिनं जाहीर केलं, "ह्या दुकानातनं बिनपिनेचा सेट जाणार न्हाई."

तिचा धाकटा भाऊ वसीम सेट टेम्पोत घालून गावोगाव न्यायचा. घुंई ऐकून लोक शिव्या द्यायचे त्या त्याला. तो वैतागून म्हणायचा, "आपा, समद्यांचे सेट गप असत्यात, आपलाच कण्हतोय. तोड की पिन!" ती ऐकेना. गिऱ्हाइकं तुटली. पोरीच्या जातीनं शिलाई करावी, असं पेठेतले शहाणे मला येऊन सांगायचे. मी शिलाईच करत होते, तर मला काय सोन्याचा मुकुट घातला होता?

शेवटी इरशादभाईंनी निवाडा केला. पुढचा मोठा कार्यक्रम गुलनाजनं तिच्या पद्धतीनं करायचा. त्यात सेट घुमला किंवा बंद पडला, तर दुकान वसीमच्या हाती जाईल आणि तिनं घरी बसायचं.

तिनं नवा सेट बांधायला घेतला. सामानासाठी मला घेऊन पुण्याला तपकीर गल्लीत गेली. स्वस्तातले ट्रान्झिस्टर नखानं खरवडून बघितले आणि छापलेला नंबर पुसला गेल्यावर नकली म्हणून दुकानदाराच्या पुढ्यात परत ठेवले. ट्रान्सफॉर्मर एकेक उचलून पाहिला आणि सगळ्यांत जड होता तोच घेतला. दुकानदार म्हणाला, "गाणी वाजवायचीत का चक्की चालवायचीय?" ही म्हणाली, "दोन्ही."

ट्रान्सफॉर्मर डब्याच्या एका कोपऱ्यात बसवला, माइकचा भाग पार दुसऱ्या कोपऱ्यात. अर्थच्या सगळ्या तारा आणून एकाच बोल्टाला बांधल्या. तरी घुंई होतीच! कितीतरी दिवस ती त्या डब्याशी भांडत होती. एका दुपारी माझ्या दारात येऊन म्हणाली, "अश्विनी, कोटाची बटणं हायत का? जाड बघून दे."

माइकची पिन जिथं खोचतात ते लोखंडी भोक थेट पत्र्याला टेकत होतं. म्हणजे अर्थ पत्र्याला मिळायला बोल्ट एक आणि ही दुसरी जागा. "दोन दारं उगडी ठिवली की घरात वारं फिरतं, तशी वीज फिरतीया," ती म्हणाली. तिनं माझ्या तपकिरी बटणांना मधोमध मोठं भोक पाडलं आणि पत्र्याच्या आतून-बाहेरून एकेक बसवलं. लोखंड पत्र्यापासून सुटलं. घुंई गेली, आणि प्लगची तिसरी पिन जागच्या जागी! मी त्या कोट घातलेल्या डब्याला बघून पोट धरून हसले.

कार्यक्रम मीच मिळवून दिला. गुंजवणे माझं माहेर. धरणात जमिनी चाललेल्यांची सभा होती, साहेबलोक येणार होते. मागच्या सभेत माझी चुलती बनाबाई बोलली ते गुलनाजच्याच जुन्या सेटच्या घुंईत कुणालाच कळलं नव्हतं.

शाळेच्या अंगणात सभा. भिंतीवरच्या बोर्डात अर्थिंगचं भोक नुसतं नावाला, मागे तारच नाही. गुलनाजनं पहार मागितली, भातखाचराच्या ओल्या बांधात ठोकली, वर मिठाचं पाणी ओतलं आणि डब्यापासून तिथवर तार नेली. माणसं हसली, "पूजा मांडली काय गं?" तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

बटण दाबलं. फट्. फ्यूज उडाला.

सभेत हशा पिकला. बनाबाई अनवाणी, ओल्या मातीत माइकसमोर ताटकळलेली. वसीमनं पक्कड काढली. "पहारीची तार तोडतो. लगीच चालू हुईल."

"हात लाव, बोटं मोडीन तुझी," गुलनाज म्हणाली आणि भर सभेत डबा उघडून बसली. टेम्पोच्या धक्क्यांनी बोर्डाकडून येणारी तार पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडली होती आणि डब्याला चिकटली होती. पहारीची वाट होती म्हणून फ्यूज उडाला. ती तोडून दुसरा फ्यूज घातला असता, तर तीच वीज माइकवाटे माझ्या चुलतीच्या हातात आली असती. वसीमनं ती तार बघितली, आणि अब्बांचा आखडलेला हात त्याच्या डोळ्यांपुढे आला असावा. पक्कड त्यानं खिशात घातली.

"बटण पायजे," गुलनाज म्हणाली. माझा चुलता सोनबा सभेसाठी लग्नातला कोट घालून आला होता. मी त्याला न विचारताच बटण उपटलं. तिनं तापल्या खिळ्यानं त्याचं भोक मोठं केलं, ते पत्र्याच्या कडेशी बसवलं, तार त्यातून ओवून पुन्हा जोडली, फ्यूज बदलला आणि स्विच दाबला.

कर्ण्यातून काहीच आलं नाही. इतकं काहीच नाही, की लोकांना सेट मेलाच वाटला. मग बनाबाईचा श्वास ऐकू आला, आणि मागोमाग तिचा आवाज. "आमी हितं हाय. आमाला इचारल्याबिगर आमची जमीन मोजू नगा."

ती बोलत राहिली. कुणाचं खाचर, कुणाची विहीर, कुणाचं आंब्याचं झाड, नावानिशी. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही. एका साहेबानं घड्याळ बघितलं आणि गुलनाजकडे वळून हातानं खूण केली, बास, बंद करा.

गुलनाजनं आवाजाच्या बटणावर हात ठेवला आणि आवाज वाढवला.

शेजारी वसीम उभा होता. तो म्हणाला, "आपा, अजून जरा वाढव की."