एक्केचाळीस नंबर

आमच्या लेकीला मी लहानपणापासून शंकासुर म्हणते. एवढीशी होती तेव्हा तिला सांगितलं होतं, फळाची बी गिळलीस तर पोटात झाड उगवेल. दुसऱ्या एखाद्या पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलं असतं. हिनं विचारलं, "कुणाच्या पोटात उगवलंय?" उत्तर म्हणून मी एक चापट दिली. तीच पुढे विद्यापीठात खोट्या बातम्यांचा अभ्यास करायला लागली, यात मला काही नवल वाटलं नाही. नवल एवढंच, की असल्या कामाचा पगारही मिळतो.

विद्यापीठात तिला जिन्याखालची खोली दिली आहे. एक खिडकी, तीही सायकली लावायच्या जागेकडे उघडणारी. लोकांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये फिरणारे मेसेज गोळा करायचे, ते कुठून निघाले, कुणी पुढे ढकलले, वाटेत त्यांना काय काय चिकटलं, हे बघायचं. "आई, खोटं ओळखणं सोपं असतं गं," ती म्हणते, "ते माणसाला हवंसं का वाटतं, ते कळत नाही." बहुतेक अफवा 'माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी सांगितलं' अशा सुरू होतात, हेही तिनंच मला सांगितलं. मी जन्मभर नर्सची नोकरी केली. डॉक्टर कुणाला एवढं सांगत बसत नाहीत, हे तिनं मला विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं.

गेलं वर्षभर ती शाळेतल्या जंतांच्या गोळ्यांच्या मागे होती. त्या गोळ्यांनी मुलं पुढे निपुत्रिक होतात, अशी अफवा उठली होती. त्याच गोळ्या मी हजारो पोरांच्या तोंडात घातल्या आहेत. त्यांतल्या कित्येकांची पोरं आता त्याच शाळेत जातात. पण आमच्या घरातच ही अफवा शिरली होती. आमचे हे निवृत्त ड्राफ्ट्समन. नोकरी संपली आणि फोन हेच यांचं ऑफिस झालं. सकाळी चहाबरोबर म्हणायचे, "अगं, सगळेच कसे खोटं बोलतील? थोडं तरी असेलच ना!" मी रागावून आत निघून जायचे. लेक मात्र शांतपणे विचारायची, "कुणी पाठवलं बाबा?" आणि हे म्हणायचे, "आमच्यातल्याच एकानं."

अशा ग्रुपमध्ये शिरायला तिला वेगळ्या नावाचं खातं उघडावं लागतं. विद्यापीठाची रीतसर परवानगी असते, पण अटी कडक. ग्रुपमध्ये एक शब्द बोलायचा नाही. खात्याला कुठल्याही माणसाचा फोटो लावायचा नाही, कारण तो चेहरा फुकट गोत्यात येईल. आणि माणसांची नावं तिनं स्वतःही बघायची नाहीत. ते काम तिच्या सहकाऱ्याचं, त्याला आम्ही आकडेवाला म्हणतो. ग्रुपमधले मेसेज आधी तो वाचतो, नावं आणि फोन नंबर पुसतो, प्रत्येकाला एक आकडा देतो, आणि मगच ते हिच्या टेबलावर येतात. कुणाचा चेहरा नाही म्हणून हिनं आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा फोटो लावला. उन्हात छान दिसत होती म्हणे.

गोळ्यांच्या त्या ग्रुपमधला एक्केचाळीस नंबर तिचा लाडका होता. कोण काय लिहितं ते सांगायची तिला मुभा नव्हती, पण स्वभाव सांगायची. "बाकीचे शिव्या घालतात," जेवताना म्हणायची, "हा आधी सगळ्यांची तब्येत विचारतो आणि मग 'खबरदारी म्हणून' अफवा पुढे पाठवतो."

"बिचारा एकटा असेल," हे म्हणाले.

"बायको बोलत नसेल त्याच्याशी," मी म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो.

मग त्या ग्रुपमध्ये कुणीतरी लिहिलं की आपल्यात एक हेर आहे. विद्यापीठातली बाई आहे, ती आपल्या मुलांची नावं गोळ्यांच्या कंपनीला विकते. आकडेवाल्यानं ते तिला दाखवलं तेव्हा ती घरी येऊन माझ्या शेजारी ओट्याला टेकून उभी राहिली. नंतर म्हणाली, "आई, हेर आहे एवढं तरी खरं आहे ना." विद्यापीठानं तिला घरून काम करायला सांगितलं. नाव कुणाला माहीत नाही, तोवर धोका नाही, असं ते म्हणाले.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी अनोळखी नंबरांवरून फोन सुरू झाले. पहिला तिनं उचलला. पलीकडची बाई अगदी नीट, हळू आवाजात बोलत होती. "तुला स्वतःला मूल नाही, म्हणून दुसऱ्यांच्या मुलांवर उठलीस का?" फोन ठेवून ती खुर्चीवर बसली. तिचा हात हातात घेतला तर तो गार पडला होता. मी खिडक्या लावून घेतल्या, पडदे ओढले, मग काय करावं सुचेना म्हणून पुन्हा त्याच खिडक्यांच्या कड्या तपासत फिरले.

तेवढ्यात आकडेवाला धापा टाकत आला. "मॅडम, तुमचं नाव आणि फोटो ग्रुपवर आलाय. पत्ता, फोन नंबरसुद्धा. तुमच्या खात्यावरची ती खिडकी कुणीतरी ओळखली."

"कुणी?"

तो घुटमळला. "सांगायला नको खरं तर. एक्केचाळीसनं."

मी आमच्या यांच्याकडे बघितलं. ते सोफ्यावर फोन हातात धरून बसले होते, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या खिडकीची जाळी यांनी स्वतः कागदावर काढून लोहाराकडून करून घेतलेली. तशी जाळी दुसरीकडे कुठे नाही, हे यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला आजवर शंभरदा सांगितलंय.

"मी फक्त विचारलं," हे म्हणाले. "म्हटलं, अहो, ही तर आमच्या घरची जाळी, तुम्ही आमच्याच इमारतीत राहता का? मला बरं वाटलं, कुणीतरी ओळखीचं निघालं म्हणून. मग ग्रुपच्या मुख्यांनी मला एकट्याला वेगळा मेसेज करून विचारलं घरी कोण कोण असतं. मी सांगितलं. मुलगी विद्यापीठात आहे म्हटलं." थोडं थांबून म्हणाले, "अभिमानानंच सांगितलं गं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. वर्षभर ती ज्या माणसाचा अभ्यास करत होती, तो तिच्या समोर बसून भाजी वाढून घेत होता. मी यांच्यावर ओरडले, काय काय बोलले ते आता आठवत नाही. ती मात्र बापाकडे नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, पोलिसांना फोन करा. माझ्या फोनवर सारखे कॉल येताहेत."

पोलिसांनी येतो म्हणून सांगितलं. त्याआधी बेल वाजली.

दाराच्या भिंगातून मी बघितलं. जिन्यावर सातआठ माणसं होती. गुंड वगैरे कुणी नव्हतं, तेच जास्त भयंकर वाटलं. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला होता. एक बाई कडेवर मूल घेऊन आली होती. मागे दोन तरुण फोन वर धरून शूटिंग करत होते. झेरॉक्सवाल्यानं दारावर थाप मारली आणि म्हणाला, "बाहेर पाठवा तिला, नुसतं विचारायचंय." मागून कुणीतरी म्हणालं, "नाही पाठवली तर दार किती मजबूत आहे ते बघू." लेकीला मी मागच्या खोलीत ढकललं आणि आकडेवाल्याला तिच्या दाराशी उभं केलं.

मी नको नको म्हणत असताना यांनी साखळी तशीच ठेवून दार किलकिलं केलं.

"काका, तुम्ही?" झेरॉक्सवाल्याचा आवाज एकदम उतरला. "रोज तुमचा मेसेज वाचतो आम्ही. ती तुमची मुलगी?"

"माझीच," हे म्हणाले. "जे विचारायचं ते मला विचारा. तिला हात लावायचा असेल तर आधी मला लावा."

कडेवरचं मूल रडायला लागलं. शेवटी झेरॉक्सवाला म्हणाला, "तुम्ही आपले आहात, म्हणून आज परत जातोय. पण तिला समजावा काका." आणि ते उतरले. जिन्यावरून त्यांचं कुजबुजणं खालपर्यंत ऐकू येत होतं. मग पोलीस आले, आमचे जबाब घेतले, इमारतीखाली एक शिपाई ठेवला. आकडेवालाही घरी गेला.

लेक पुढच्या खोलीत येऊन बसली. हे तिच्या शेजारी बसले. हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले. त्या क्षणी मला यांच्याबद्दल जेवढी माया वाटली, तेवढी कित्येक वर्षांत वाटली नव्हती. दारात उभा राहिलेला हा माणूस माझा नवरा होता.

मग यांनी घसा खाकरून, अगदी हळू, जणू तिला दुखू नये म्हणून विचारावं तसं विचारलं, "बाळा, एक विचारू? रागावू नकोस. ती मुलांची नावं... तू खरंच कुणाला दिली नाहीस ना?"

तिनं यांच्याकडे बघितलं. बाहेर माणसं उभी होती तेव्हासुद्धा तिचा चेहरा इतका घाबरलेला नव्हता. मी यांना गप्प करायला तोंड उघडलं होतं. पण खरं सांगते, ते तसंच उघडं राहिलं. तिचं उत्तर ऐकायला मीही थांबले होते.