परग्रहावरच्या राक्षसाला कुंकू

"काका, राक्षसाच्या कपाळाला काय लागलंय?" वैभवनं मॉनिटरकडं बघत विचारलं.

मॉनिटरवर कपाळावर काळा डाग दिसत होता, छातीवर पाच बोटांचे ठसे. मी डोकं वर करून पाहिलं. लालभडक कुंकू!

मी एरवी धाराशिवात लग्नांचे व्हिडिओ काढतो. वैभव माझ्या मित्राचा मुलगा. त्याचा हा पहिला सिनेमा: ईट गावच्या माळावर उतरलेला परग्रहावरचा राक्षस. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चंदेरी रंगवलेला फोम धातूसारखा दिसतो, एवढंच आमचं विज्ञान. फक्त काळं-पांढरं टिपणारा कॅमेरा भाड्याचा होता, संध्याकाळी परत जायचा होता. राक्षस मरतो आणि हिरो-हिरोइन मिठी मारतात तो शेवटचा सीन तेवढा राहिला होता.

दोन दिवस राक्षस बिनाकुंकवाचा शूट झालेला. आता मरताना डाग दिसले तर कंटिन्यूइटी, म्हणजे आधीच्या शॉटशी पुढच्या शॉटचा मेळ, बोंबलली.

कालपर्यंत पोशाख गाडीत असायचा. आज तो माळाशेजारी राहणाऱ्या सरूआजींच्या ओसरीत ठेवला होता.

"आजी, हे तुम्ही लावलंत?"

"व्हय. नवी वस्तू कुंकू लावल्याबिगर कामाला काढत्यात का? ट्रॅक्टरला लावता न्हवं तुमी?"

"आजी, हा राक्षस आहे."

"मग तर लईच गरज हाय त्येला."

कुंकू तेलात कालवलेलं. पुसायला गेलो तर चंदेरी रंगच निघायला लागला. वैभव दगडावर बसला. "काका, संपलं सगळं." पोराचे डोळे भरले होते. मला वाईट वाटलं.

मग बॅगेतला लाल फिल्टर आठवला. लेन्सपुढं लाल काच लावली की ब्लॅक अँड व्हाइटमध्ये लाल रंग फिका पडतो. लावली. डाग गायब! वर निळं आकाशही काळवंडलं. वैभव माझ्या पायाच पडला. उजेड जायच्या आत राक्षस मेला.

एडिटिंगला बसलो तेव्हा कळलं, त्या काचेनं हिरो-हिरोइनच्या ओठांनाही सोडलं नव्हतं. दोघांचे चेहरे पांढरेफटक, तोंडाच्या जागी नुसती फट.

गावात सिनेमा दाखवला. राक्षसाला लोक खदाखदा हसले. तो मेल्यावर हिरो-हिरोइन मिठी मारून कॅमेऱ्याकडं बघून हसले, तेव्हा पुढच्या रांगेतला एक जण "आरं देवा!" म्हणून उठला.

मग पेपरात कुणीतरी लिहिलं, राक्षसापेक्षा माणसंच भेसूर दाखवलीत, वा! आता वैभव मुलाखतीत सांगतो, "खरा राक्षस माणूसच आहे, हे मला दाखवायचं होतं." मी शेजारी बसून मान डोलावतो. चूक झाली की थोडे दिवस गप्प बसावं. अर्थ लोक लावतात.