टाचणी नसलेला गाव

परवा एका जुन्या सहकाऱ्याने फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितलं, "आता सगळं कॉम्प्युटरवर आलंय. कुठे चोरी झाली, कुठे मारामारी झाली, लगेच नकाशावर ठिपका." मी म्हटलं, "आणि जे कुणी सांगतच नाही, त्याचा ठिपका कोण काढतो?" तो हसला. म्हणाला, तुझी खोड काही गेली नाही. नाहीच गेली. जाणार कशी?

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीत पोलिसांच्या एका कचेरीत कारकून होतो. दक्षिणेकडचे तालुके तोडून नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. एक साहेब बदलून आले. तरुण, कडक इस्त्रीचे, कुठलंसं प्रशिक्षण घेतलेले. आल्या आल्या त्यांनी जिल्ह्याचा मोठा नकाशा मागवला. आला तो जुनाच, अखंड जिल्ह्याचा. खालचा भाग मी कात्रीने कापला, उरलेला खळीने कापडावर चिकटवून प्लायवूडवर ठोकला. त्यावर गुन्ह्यांच्या टाचण्या लावायच्या. लाल म्हणजे खून-दरोडा, निळी घरफोडी, पिवळी चोरी, हिरवी दारू. रंगीत टाचण्या बाजारात मिळेनात, म्हणून मी साध्या टाचण्यांची डोकी ऑइलपेंटमध्ये बुडवून खिडकीत वाळत ठेवायचो. आमच्या दमट हवेत त्या महिन्याभरात गंजायच्या.

कामात मजा येत होती, खोटं कशाला बोलू? ठाण्यांकडून कागद आले की गाव शोधायचा आणि टाचणी टोचायची. लोट्याला कारखाने आले होते. भंगाराच्या चोऱ्या, पाळी सुटल्यावरच्या मारामाऱ्या. त्या कोपऱ्यात टाचणीला जागा उरेना. बुरोंडीला कोळ्यांची जाळी चोरीला जायची, तिथे पिवळ्या. आणि आमच्या खोऱ्यात, जिथे माझा गाव, तिथे एकही नाही. साहेब एकदा म्हणाले, "वा! तुमच्याकडचे लोक देवमाणसं दिसतात." मी मान डोलावली. डोंबलाची देवमाणसं!

आमच्याकडे शिरस्ता असा, की गावातलं भांडण गावकीपुढेच मिटवायचं. गावकीला न विचारता जो पोलिसांची पायरी चढेल तो वाळीत. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याच्या लावणीला कुणी जायचं नाही, घरात कुणी मेलं तर खांदा द्यायला कुणी यायचं नाही. चोऱ्या होत होत्या, डोकी फुटत होती, बायका मार खात होत्या. कागद मात्र एकाचाही होत नव्हता. कचेरीत हे मला चांगलं ठाऊक होतं, आणि मी गप्प होतो.

माझी थोरली बहीण त्याच गावात दिलेली. नवरा वारला होता, मूलबाळ नव्हतं. होती ती हापूसची अकरा कलमं. नवऱ्याने मुंबईची नोकरी सोडून कातळात सुरुंग लावून खड्डे केले, खालून डोक्यावरून माती आणून भरली आणि ती लावली. नुकती कुठे धरायला लागली होती. गावकीने ठरवलं, देवळाकडे जायची पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडांची वाट, तिच्या बागेतून न्यायची. चार कलमं जाणार होती. ती म्हणाली, नाय. झालं! आधी तिच्याशी बोलणं बंद झालं. मग बागेचा दगडी गडगा तीन ठिकाणी पाडला. मग पेंढ्याची उडवी पेटवली.

ती एसटीने रत्नागिरीला आली. चहाला हात न लावता बसून राहिली. म्हणाली, "तू पोलिसांत हायस ना? मग लिव्हून घे. आज उडवी जाळलानी, उद्या कलमांवर येतील."

मी म्हटलं, "बाय, जरा दम धर. बाबा थकलेत. उद्या त्यांचं काही झालं तर चार माणसं कुठून आणू? माझी पोरगी लग्नाची झालीय. मी बघतो काहीतरी." बघतो! कचेरीत येणाऱ्या प्रत्येकाला तोंडावर फेकायचा तो शब्द मी सख्ख्या बहिणीलाही फेकला. तिने पिशवी उचलली. "बघ हां मग," एवढंच म्हणाली आणि गेली.

पुढच्याच आठवड्यात साहेबांनी मला नकाशापुढे बोलावलं. लोट्याला माणसं कमी पडत होती. आमच्या खोऱ्यात पोलिसांचं एक दूरक्षेत्र होतं. बाजारात एक कौलारू खोली, त्यात एक हवालदार आणि दोन शिपाई. आमच्या गावापासून दोन तासांची चाल. साहेबांनी पेन्सिल त्या कोऱ्या जागेवर टेकवली. "हे तिघं इथे बसून काय करतात? लोट्याला हलवतो. तुमचाच भाग ना हा? खरंच शांत आहे?"

बोलायची वेळ ती होती. बहिणीचं नाव न काढताही सांगता आलं असतं की साहेब, इथे तक्रारच कुणी करत नाही. पण मग चौकशीला जीप गेली असती, आणि कुणाच्या तोंडून फुटलं ते गावाला कळलं असतं. शिवाय, हेही सांगून टाकतो, साहेब ज्याचं कौतुक करत होते तो माझा नकाशा चुकीचा आहे, हे माझ्या तोंडाने म्हणवेना. "हो साहेब," मी म्हटलं, "शांतच आहे." पंधरा दिवसांत माणसं हलली.

बहिणीने महिनाभर माझी वाट पाहिली. मग एका सकाळी एकटीच चालत दूरक्षेत्रावर गेली. दाराला कुलूप. शेजारचा दुकानदार म्हणाला, ते सगळे लोट्याला गेले, आता तालुक्याला जा. तालुक्याची गाडी निघून गेली होती. ती परत फिरली. पण तिला जाताना लोकांनी पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी ती नदीवर कपडे धुवायला गेली असताना, भरदुपारी, अकराच्या अकरा कलमं बुंध्यातून तोडली. शेजारी म्हणाले, आम्हाला काही ऐकू आलं नाही.

तिने देवळापुढे उभं राहून गावाची माफी मागितली आणि जागा दिली. कागद झाला नाही, त्यामुळे टाचणीही लागली नाही.

मला कळलं तसा मी रजा टाकून गेलो. ती बागेत बसली होती. बुंध्यांवर चीक आला होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. मला राहवेना. मी सगळं सांगितलं. नकाशा, साहेब, पेन्सिल, माझं 'हो'. वाटलं, शिव्या देईल, हाताला लागेल ते फेकून मारेल. मारायलाच हवं होतं.

तिने विचारलं, "किती येळा इचारलान त्याने?"

"एकदा."

"दम देऊन?"

"नाही. सहज."

"सहज इचारलान," ती स्वतःशीच म्हणाली. मग पदर खोचला, कोयती घेतली आणि पडलेल्या फांद्यांचे चुलीसाठी तुकडे करायला लागली. मी एक फांदी उचलली, तर तिने ती माझ्या हातातून काढून घेतली. एसटीची वेळ होईपर्यंत मी तिथेच उभा होतो.

त्यानंतर ती खूप वर्षं जगली. गावात सगळ्यांशी बोलायची. कलमं तोडणाऱ्यांशीसुद्धा बोलायची. माझ्याशी मात्र कधीच बोलली नाही.